ताप मोजायचा, दाबायचा नाही

काळी नदीवरच्या धरणात सुपा गाव बुडालं, तेव्हा तिथली बरीच कुटुंबं रामनगरला येऊन वसली. त्यातल्याच एका घरात माझ्या वहिनीची केमो चालू होती. सलाईन बेळगावात, पुढची सगळी निगा घरी. ती कशी करायची हे मला वॉर्डातल्या सिस्टरनी दाखवलं.

केमोत कॅन्सरबरोबर अस्थिमज्जेतल्या वाढत्या पेशीही मरतात. साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात काउंट तळाला जातो. जंतूंवर आधी तुटून पडणाऱ्या न्यूट्रोफिल पेशी घनमिलिमीटरला 500च्या खाली आल्या की जखम धड पिकतही नाही, कारण पू बहुतांशी याच पेशींचा असतो. लाली नाही, सूज नाही. पुष्कळदा ताप तेवढा दिसतो.

सिस्टर आधी हात धुवायच्या, बोटांच्या बेचक्या आणि अंगठ्यांसकट. मग टॉर्च घेऊन गालांची आतली बाजू, जिभेखालची जागा, हिरड्या, काखा, सुई टोचलेली जागा बघायच्या. "परसाकडला दुखतं का हो काकू?" हे इतक्या सहज विचारायच्या की वहिनीला संकोच वाटत नसे. एनिमा मात्र अजिबात नाही. तिथल्या बारीक चिरेतूनही जंतू रक्तात शिरतात.

घरी वहिनीला गोठा आणि शेणाची सारवण बंद. पावसाळ्यात ओल येऊन भिंतीला बुरशी धरते, म्हणून तिची खोलीच बदलली. जेवण ताजं, शिजलेलं. मीठ-सोड्याच्या पाण्याच्या चुळा.

सगळ्यांत अवघड गेलं ते गोळी न देणं. अंग तापलं की पॅरासिटामॉल घ्यायची आणि सकाळपर्यंत बघायचं, ही आपली जुनी सवय. इथे तीच जीवघेणी ठरू शकते. थर्मामीटरवर एकदा 101 दिसला, किंवा 100.4 तासभर टिकला, की निघायचं. दवाखान्यात पोचल्यापासून तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हावं, असा दंडक आहे. पण लोंढा, खानापूर करत बेळगाव गाठण्यात जाणारा वेळ त्या तासात धरलेलाच नसतो.

म्हणून आम्ही डॉक्टरांकडून चिठ्ठी लिहून घेतली: ताप आल्यास पहिला डोस जवळच्या दवाखान्यात द्यावा, मग पुढे पाठवावं. अशी चिठ्ठी केमोच्या प्रत्येक फायलीत हवी; जंगलातल्या आतल्या गावांना तर आधी, तिथे रात्री गाडीच मिळत नाही.