गोवराची लस पुन्हा का? आणि एमआर घ्यावी की एमएमआर?

नोव्हेंबर २०२२ मध्ये मुंबईत गोवंडीच्या वस्त्यांत गोवराची साथ पसरली. तेव्हा साथीच्या भागात ९ महिने ते ५ वर्षांच्या मुलांना एक जादा डोस द्यावा, असे केंद्र सरकारने सुचवले. तेव्हापासून आयाबहिणी दोन प्रश्न विचारतात. लस फुकटची चांगली की विकतची? आणि एकदा दिली असताना पुन्हा कशाला?

सरकारी दवाखान्यात व अंगणवाडीत मिळते ती एमआर. ती गोवर आणि रुबेला यांवर आहे. खासगी दवाखान्यात बहुधा एमएमआर मिळते. तिच्यात गालगुंडावरची लस जास्तीची असते, एवढाच फरक. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या या दोन्ही लसींत तर गोवराचा दुबळा केलेला विषाणू एकाच वाणाचा आहे. म्हणून गोवरासाठी कर्ज काढून विकतची लस घेण्याची गरज नाही. पहिला डोस एमआर आणि दुसरा एमएमआर झाला, तरी चालते.

आता पुन्हा का? आईकडून आलेली प्रतिकारशक्ती काही बाळांच्या अंगात नवव्या महिन्यातही उरलेली असते. ती लसीला नीट काम करू देत नाही. त्यामुळे पहिल्या डोसाने १०० पैकी सुमारे ८५ बाळांनाच संरक्षण मिळते. उरलेली १५ कोणती, हे बाळाकडे पाहून कळत नाही. म्हणून १६ ते २४ महिन्यांत दुसरा डोस सर्वांनाच द्यायचा.

हे लक्षात ठेवू या:

• साथीत ९ महिन्यांच्या आधी दिलेला डोस मोजायचा नाही. पुढचे दोन्ही डोस घ्यायचेच.
• डोस चुकला असेल, तर ५ वर्षांपर्यंत सरकारी केंद्रात मिळतो. दोन डोसांत किमान एक महिना अंतर हवे.
• कार्ड हरवले, आठवत नाही? पुन्हा लस द्या. जादा डोसाने अपाय होत नाही.
• साध्या सर्दीखोकल्यासाठी लस टाळू नका. अशक्त, कुपोषित बाळाला तर तिची गरज अधिक. मोठा आजार किंवा कॅन्सरचे उपचार चालू असतील, तर आधी डॉक्टरांना सांगा.

ताप येऊन अंगावर पुरळ उठले, तर 'देवी आली' म्हणून बाळाला घरात ठेवू नका. गोवर विषाणूने होतो. त्यातून न्यूमोनिया होऊ शकतो, डोळे जाऊ शकतात. लगेच दवाखाना गाठा आणि अ जीवनसत्त्वाच्या डोसाबद्दल विचारा.

आज घरी गेल्यावर बाळाचे कार्ड काढा. एमआरपुढे दोन तारखा नसतील, तर आशाताईंना गाठा.