आगीसाठी राखलेले पाणी

मोठ्या इमारतीच्या जिन्यालगत एक लाल नळ उभा असतो. मजल्यामजल्यावर त्याला व्हॉल्व्ह, शेजारी पेटीत गुंडाळलेला होजपाइप. तो पाहून आपण निर्धास्त होतो. कामगार संघटनेच्या कामाने एका कारखान्यात गेलो असता मी असाच व्हॉल्व्ह उघडावयास लावला. आतून नुसता वारा आला.

खरी मेख टाकीत आहे. वापराचे आणि आगीचे पाणी एकाच टाकीत असेल, तर वापराच्या नळाचे तोंड वर ठेवतात, आगीच्या पंपाचे तळाशी. पाणी वरच्या तोंडाखाली उतरले की वापराचे नळ बंद पडतात. तळचा साठा हलत नाही. टंचाईत हेच तोंड खाली नेण्याचा मोह होतो. २०१६ साली आपल्याच तालुक्यातले धनेगावचे मांजरा धरण आटले; केजकरांना हा मोह समजावून सांगावयास नको!

विजेच्या पंपाच्या जोडीला डिझेलचा ठेवतात, कारण आगीत वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो.

महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यान्वये यंत्रणा चालू असल्याचा दाखला दर जानेवारी व जुलैत परवानाधारक संस्थेकडून घेऊन सादर करावा लागतो. त्या तपासणीला कामगारांनी हजर राहावे आणि सर्वांत वरच्या मजल्यावरचा व्हॉल्व्ह उघडावयास सांगावा. दाब कमी पडतो तो तिथेच.