मतचाचणीतील शून्य त्रुटी

२६ सप्टेंबर १९६० रोजी केनेडी व निक्सन यांचा वादविवाद अमेरिकेत दूरचित्रवाणीवर व रेडिओवर प्रक्षेपित झाला. नंतरच्या एका मतचाचणीत रेडिओ-श्रोत्यांनी निक्सन यांना झुकते माप दिले. 'पडद्यावरील रूपाने केनेडींना तारले' असा समज त्यातून रूढ झाला. तो कितपत खरा?

चाचणीत रेडिओ-श्रोते होते अवघे २८२. या संख्येच्या वर्गमुळाने १ ला भागले, की यादृच्छिक त्रुटीचा अंदाज येतो : सुमारे ६ टक्के. निक्सन यांची आघाडी याहून बरीच मोठी होती. परंतु तेव्हा बहुतेक अमेरिकन घरांत दूरचित्रवाणी संच होते. केवळ रेडिओ ऐकणारे बरेचसे ग्रामीण, म्हणजे मुळातच निक्सन यांच्या बाजूचे असू शकतात. स्क्रू-गेजची शून्य त्रुटी शंभर वाचने घेऊनही जात नाही, तसेच हे! समज खोटा ठरत नाही; पण सिद्धही होत नाही. म्हणून 'किती जणांना विचारले?' याआधी 'कोणाला विचारले?' हे पाहावे.