सेंगकांगहून दिसणारे गुरूचे ढग

सिंगापूरच्या सेंगकांगमध्ये रात्री दिव्यांचा एवढा उजेड असतो, की तारे शोधावे लागतात. पण गुरूला त्याची पर्वा नाही. विषुववृत्त इथून जेमतेम दीडशे किलोमीटर, म्हणून गुरू मध्यावर आला की जवळजवळ डोक्यावरच असतो आणि मध्ये हवेचा थर कमी येतो. पार्किंगच्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर छोटी दुर्बीण लावली, की त्याचे दोन गडद पट्टे आम्हांला सहज दिसतात.

हे पट्टे म्हणजे ढग बरं का! गुरूला आपल्यासारखी जमीनच नाही. पृथ्वीच्या अकरा पट रुंद असूनही तो दहा तासांच्या आत स्वतःभोवती फिरतो. या वेगामुळे वाऱ्याचे झोत पट्ट्यांना धरून वाहतात, एक पूर्वेकडे तर शेजारचा पश्चिमेकडे. फिकट पट्ट्यांत गोठलेल्या अमोनियाचे ढग असतात.

हे वारे किती खोल जातात? 1995 मध्ये गॅलिलिओ यानाची कुपी ढगांत शिरली. ती तासभर टिकली, आणि खाली जाताना वारा कमी होण्याऐवजी वाढतच गेला. नक्की उत्तर 2018 मध्ये मिळालं. त्या कामात रहोवोतच्या वाइझमन संस्थेचे योहाय कास्पी पुढे होते, हे आपल्या मंडळींना सांगायला आनंद वाटतो. ज्युनो यानाच्या वेगातले बारीकसे फरक मोजून त्यांनी गुरूच्या उत्तर-दक्षिण गुरुत्वाकर्षणातली तफावत काढली. वारे सुमारे 3000 किलोमीटर खोल निघाले!

पण मोठ्या दुर्बिणी रोज गुरूकडे बघत नाहीत. ते हौशी माणसंच करतात. 2010 मध्ये दक्षिणेकडचा गडद पट्टा चक्क दिसेनासा झाला. नोव्हेंबरात तो परतू लागल्याची खूण टिपली फिलिपिन्समधल्या सेबूच्या क्रिस्टोफर गो यांनी. ते धंद्याने खगोलशास्त्रज्ञ नाहीत.

आता काळजी आहे ती तांबड्या डागाची. हे वादळ 1979 मध्ये सुमारे 23,000 किलोमीटर रुंद होतं, 2014 मध्ये 16,500 भरलं. ते आटत जाऊन संपेल की टिकेल, हे रोजच्या नोंदींवरूनच कळणार.

तेव्हा वाचकहो, हिब्रूत ज्याला त्सेदेक म्हणतात तोच हा आपला गुरू. घरी दुर्बीण असेल तर मुलांना घेऊन बसा, पट्टे पेन्सिलीने काढा आणि खाली तारीख-वेळ लिहायला विसरू नका.