मराठी भाषिक विद्यार्थी आणि इंग्रजी भूतकाळाची निवड : ठाणे व कल्याण-डोंबिवली परिसराच्या संदर्भात

प्रास्ताविक

महाराष्ट्रातील मराठी माध्यमाच्या शाळांत सन २००० पासून इंग्रजी हा विषय इयत्ता पहिलीपासून शिकविला जाऊ लागला. तत्पूर्वी तो पाचवीपासून सुरू होत असे. त्यामुळे ठाणे, डोंबिवली किंवा कल्याण येथील महाविद्यालयात पदवी वर्गात येणारा मराठी माध्यमाचा विद्यार्थी आज बारा वर्षे इंग्रजी शिकून आलेला असतो. क्रियापदाची रूपे त्याला पाठ असतात. ‘गो’, ‘वेन्ट’, ‘गॉन’ ही माळ तो न अडखळता म्हणतो. तरीही ‘मी काल ठाण्याला गेलो होतो’ हे वाक्य इंग्रजीत सांगण्याची वेळ आली की त्याच्या तोंडून ‘आय हॅड गॉन टू ठाणे यस्टरडे’ असेच येते. अपेक्षित वाक्य मात्र ‘आय वेन्ट टू ठाणे यस्टरडे’ एवढेच आहे. रूप बरोबर, पण निवड चुकलेली, असा हा प्रकार आहे. या चुकीचे मूळ कोठे आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

‘होतो’ आणि ‘हॅड’

मराठी माणसाने इंग्रजी प्रामुख्याने भाषांतराच्या वाटेने शिकले. तर्खडकर भाषांतर पाठमालेवर कित्येक पिढ्या पोसल्या गेल्या, आणि ती पद्धत खाजगी शिकवण्यांमधून आजही टिकून आहे. या पद्धतीत काळांचे एक कोष्टक गृहीत धरलेले असते : ‘गेलो’ म्हणजे साधा भूतकाळ, ‘गेलो आहे’ म्हणजे पूर्ण वर्तमानकाळ, ‘गेलो होतो’ म्हणजे पूर्ण भूतकाळ, आणि प्रत्येकासमोर एकेक इंग्रजी काळ. नावे जुळतात, रूपांची घडणही जुळते. ‘होतो’ आणि ‘हॅड’ ही दोन्ही साहाय्यक क्रियापदे भूतकाळीच आहेत. गडबड होते ती उपयोगात.

मराठीत ‘मी काल ठाण्याला गेलो’ असे म्हटले की ऐकणारा पुढच्या हकिकतीची वाट पाहतो : गेलो, आणि मग काय झाले? ‘गेलो होतो’ म्हटले की ती फेरी संपली, माणूस परतला, प्रकरण मिटले, असा बोध होतो. म्हणजे ‘होतो’ हे क्रिया आणि वर्तमान क्षण यांच्यातील अंतर दाखविते. इंग्रजी ‘हॅड’ला या अंतराशी कर्तव्य नाही. भूतकाळातील एखाद्या क्षणापाशी उभे राहून त्याच्याही मागे पाहावयाचे असेल, तेव्हाच ते लागते. ‘२०१७ साली डोंबिवलीला साहित्य संमेलन भरले होते’ हे निर्दोष मराठी वाक्य आहे. इंग्रजीत मात्र ‘वॉज हेल्ड’ म्हणावे लागेल. वर्ष सांगितले, घटना संपली, साधा भूतकाळ पुरे. तेथे ‘हॅड बीन हेल्ड’ म्हटल्यास इंग्रजी वाचक थबकतो आणि ‘कशाच्या आधी?’ असे मनात विचारतो.

अडचण अशी की मराठी ‘होता’ हेही काम करतो. ‘मी फलाटावर पोचलो तेव्हा गाडी सुटली होती’ या वाक्यात तो अगदी ‘हॅड’प्रमाणेच वागतो : ‘व्हेन आय रीच्ड द प्लॅटफॉर्म, द ट्रेन हॅड लेफ्ट.’ पाठ्यपुस्तकात उदाहरण द्यावयाचे तर नेमके हेच दिले जाते, आणि विद्यार्थ्याची खात्री पटते की दोन्ही रूपे सर्वत्र एकच आहेत. चूक पक्की होण्यास आणखी एक कारण आहे. हिंदीतील ‘गया था’ हाही मराठीसारखाच वापरला जातो. कल्याण-डोंबिवलीच्या वर्गात मराठी आणि हिंदी भाषिक मुले एकमेकांशी इंग्रजी बोलतात, तेव्हा ‘आय हॅड गॉन’ कोणालाच खटकत नाही. भाषाशास्त्रज्ञांनी तर या वापराची नोंद भारतीय इंग्रजीचे एक वैशिष्ट्य म्हणून केलेली आहे.

मग त्याला चूक तरी का म्हणावे? मित्रांच्या गप्पांत म्हणू नये, हे मान्य करण्यास हरकत नाही. प्रश्न उद्भवतो तो लेखी व्यवहारात. समजा, ठाण्याला गाडीत चढलेल्या प्रवाशाची बॅग कल्याणला उतरेपर्यंत चोरीस गेली आणि विमा कंपनीसाठी त्याला इंग्रजीत निवेदन लिहावयाचे आहे. ‘व्हेन आय गॉट डाऊन अ‍ॅट कल्याण, माय बॅग वॉज स्टोलन’ असे लिहिल्यास चोरी कल्याणच्या फलाटावर, उतरताना झाली, असा अर्थ घेतला जाऊ शकतो. ‘हॅड बीन स्टोलन’ लिहिल्यास ती उतरण्यापूर्वी, म्हणजे धावत्या गाडीत झाली. चोरी कोठे व केव्हा झाली हाच ज्या कागदाचा विषय, त्यात हा भेद क्षुल्लक नव्हे. आपला विद्यार्थी मात्र तिन्ही वाक्यांत ‘हॅड’ घालतो : ‘आय हॅड बोर्डेड’, ‘आय हॅड गॉट डाऊन’, ‘माय बॅग हॅड बीन स्टोलन’. आता शेवटचे ‘हॅड’ बरोबर असूनही निकामी ठरते. सगळेच आधी घडलेले असेल, तर कशाच्या आधी काय, हे कळण्याचा मार्ग उरत नाही.

‘आला आहे’चा पेच

पूर्ण वर्तमानकाळाची गोष्ट थोडी वेगळी आहे. ‘मामा काल आला आहे’ या मराठी वाक्यात दोन माहित्या आहेत : मामा काल आला, आणि तो अजून घरी आहे. इंग्रजीत ‘हॅज कम’बरोबर ‘यस्टरडे’ चालत नाही. गतकाळातील निश्चित वेळ सांगितली की ‘केम’च हवे. तेव्हा मामा अजून आहे हे वेगळ्या वाक्यात सांगावे लागते, आणि मराठी मनाला हे उगाच लांबण लावल्यासारखे वाटते. नोकरीच्या अर्जात याच जागी घोटाळा होतो. ‘आय हॅव वर्क्ड देअर फॉर फाइव्ह इयर्स’ वाचून अर्जदार अजून तेथेच काम करतो, असा समज होणे स्वाभाविक आहे. नोकरी सोडलेली असल्यास ‘वर्क्ड’ लिहावे.

रीतीवाचक भूतकाळाविषयी थोडक्यात सांगता येईल. ‘मी रोज डोंबिवलीहून लोकलने जात होतो’ याचे ‘आय वॉज गोइंग डेली’ होत नाही. तेथे ‘वेन्ट’ किंवा ‘यूज्ड टू गो’ हवे. ‘जायचो’ किंवा ‘जात असे’ हे रूप आधी मनात आणल्यास ही चूक सहज टळते. ‘मला माहीत होते’चे ‘आय वॉज नोइंग’ हा मात्र निव्वळ सवयीचा दोष असून तो ‘न्यू’ने दुरुस्त होतो. (गाडी दूरवर दिसताच फलाटावर ‘आली, आली!’ असा पुकारा होतो. ती अजून यावयाची असते, तरी मराठीत भूतकाळ! येथे इंग्रजीला वर्तमानकाळच वापरावा लागतो.)

वर्गातील एक उपाय

कोष्टक पाठ करून घेण्यापेक्षा परिसरातील कालक्रम हाताशी घेणे अधिक फलदायी ठरते. बोरीबंदर ते ठाणे ही रेल्वे १६ एप्रिल १८५३ रोजी सुरू झाली, १८५४ मध्ये ती कल्याणला पोचली आणि भोर घाटाचा मार्ग १८६३ मध्ये खुला झाला. विद्यार्थ्यांना प्रथम या तीन घटना क्रमाने लिहावयास सांगाव्यात. तिन्ही ठिकाणी साधा भूतकाळच येतो, कारण काळाचा क्रम आणि वाक्यांचा क्रम एकच आहे. नंतर १८६३ पासून आरंभ करावयास सांगावे : ‘भोर घाटाचा मार्ग खुला झाला तेव्हा रेल्वे कल्याणला नऊ वर्षांपूर्वीच पोचली होती.’ आता वाक्य मागे वळले, आणि ‘हॅड रीच्ड’ आपोआप येते. ‘आफ्टर’ किंवा ‘बिफोर’ या शब्दांनी क्रम आधीच स्पष्ट झाला असेल तर ‘हॅड’ गाळले तरी बहुधा चालते, हेही येथेच दाखविता येते. यानंतरही एखादा विद्यार्थी ‘पहिली गाडी १८५३ साली ठाण्याला आली होती’ याचे ‘हॅड कम’ करील. त्याला नियम पुन्हा सांगू नये. ‘कशाच्या आधी आली होती?’ एवढेच विचारावे आणि उत्तरासाठी थांबावे.