जिंकूनही हाती भोपळा!

दोस्तांनो, खुल्या बुद्धिबळ स्पर्धेची पहिली फेरी कधी पाहिली आहे? स्विस पद्धतीत खेळाडूंना रेटिंगप्रमाणे ओळीनं लावतात, यादीचे दोन भाग पाडतात आणि वरच्या भागातल्या पहिल्याला खालच्या भागातल्या पहिल्याशी भिडवतात. मग पटाच्या एका बाजूला ग्रँडमास्टर आणि दुसऱ्या बाजूला खुर्चीवरून पाय जमिनीला न टेकणारा चिंटू! तुम्ही म्हणाल, चिंटूचं आता काही खरं नाही. पण पोटात गोळा येतो तो ग्रँडमास्टरच्या!

का? त्यासाठी थोडं गणित करू. घाबरू नका, बेरीज-वजाबाकीच आहे. हे रेटिंग बसवलं प्रा. अर्पाद एलो यांनी. (एलो हे आडनाव आहे बरं का, कुठल्या संस्थेची आद्याक्षरं नव्हेत!) जन्म हंगेरीतला, नोकरी अमेरिकेत पदार्थविज्ञान शिकवण्याची. जागतिक संघटना ‘फिडे’नं त्यांची पद्धत १९७० मध्ये स्वीकारली. कल्पना साधी. दोघांच्या रेटिंगमधला फरक पाहायचा आणि कोणी किती गुण मिळवायला हवेत ते आधीच ठरवायचं. फरक २०० असेल, तर वरचढ खेळाडूनं शंभर डावांत ७६ गुण मिळवावेत. ४०० असेल, तर ९२. अपेक्षेपेक्षा जास्त मिळवलं तर रेटिंग चढतं, कमी मिळवलं तर घसरतं.

आता आपला ग्रँडमास्टर २४५० चा आणि चिंटू १६०० चा. फरक ८५०! पण फिडेचा नियम असा, की ४०० पेक्षा मोठा फरक ४००च धरायचा. ग्रँडमास्टर जिंकला तर त्याला ०.८ गुण, म्हणजे पुरता एकसुद्धा नाही. बरोबरी झाली तर मात्र ४.२ गुण गेले! ते भरून काढायला असे सहा डाव जिंकायला हवेत. आणि चिंटूला त्याच बरोबरीचे किती मिळतात? चक्क १६.८! मुलांचं रेटिंग झपाट्यानं बदलावं म्हणून त्यांना चौपट गुणक असतो. त्यातून सहा महिने क्लासला घाम गाळलेल्या चिंटूचं रेटिंग १६०० असलं, तरी खेळ केव्हाच पुढे गेलेला असतो. रेटिंग मागून धापा टाकत येतं. म्हणूनच कित्येक मोठे खेळाडू खुल्या स्पर्धांपासून चार हात लांब राहतात. नुकसान मात्र चिंटूचंही होतं. मोठ्यांशी खेळल्याशिवाय शिकणार कसं?

पण ४०० च्या नियमाची दुसरी बाजूही आहे. फरक ८०० असला, तरी जिंकल्यावर ०.८ मिळतातच! अमेरिकेचा हिकारू नाकामुरा रेटिंगमध्ये २८०० च्या घरातला. २०२६ च्या कँडिडेट्स स्पर्धेत रेटिंगच्या जोरावर जागा मिळवायची, तर किमान ४० डाव खेळलेले हवे होते. तेव्हा २०२५ मध्ये हा पठ्ठ्या लुइझियाना राज्य स्पर्धा आणि आयोवा ओपन अशा छोट्या स्पर्धांत जाऊन बसला. समोर त्याच्यापेक्षा शेकडो गुणांनी खालचे खेळाडू. नियमाबाहेर त्यानं काहीच केलं नव्हतं, तरी आरडाओरड झाली.

लगेचच, १ ऑक्टोबर २०२५ पासून, फिडेनं नियम बदलला. २६५० किंवा त्याहून जास्त रेटिंग असलेल्यांना आता ४०० ची सवलत नाही, खराच फरक धरायचा. तो ७३५ च्या वर गेला, की जिंकल्यावर शून्य! बरोबरीत पाच गुण वजा, हरलात तर दहा. बाकीच्यांना जुनाच नियम.

मला विचाराल, तर फुकटचे गुण बंद झाले हे ठीकच. पण आता एखादा महारथी गावच्या खुल्या स्पर्धेत कशाला येईल, असंही वाटतं. तुम्ही काय ठरवलं असतं? आणि पहिल्या फेरीत तुमच्यासमोर ग्रँडमास्टर आलाच, तर वहीत हिशेब मांडून ठेवा : हरलात तर जाणार फक्त ३.२ गुण!