परदेशातील निवृत्तिनिधी : एकाच जमेवर दोनदा कर का?

घरातील मुलगा पंधरा-वीस वर्षे अमेरिकेत नोकरी करतो आणि ग्रीन कार्ड सोडून परततो, वडिलांच्या पेढीवर बसू लागतो. मागे उरतो तो ‘४०१(के)’ निवृत्तिखात्यातील संचय. पुढे त्यातून रक्कम काढताना अमेरिकेत सामान्यतः ३० टक्के कर कापला जातो. आणि येथील रहिवाशाच्या जगभरच्या उत्पन्नावर भारतही कर आकारतो. दुहेरी भार टाळण्यासाठी उभय देशांत करार आहे. मात्र त्याचा लाभ आपोआप मिळत नाही, तो मागावा लागतो.

पहिला प्रश्न काळाचा. भारतात खात्यातील वाढीवर दरवर्षी कर आणि अमेरिकेत रक्कम काढताना, असे झाल्यास दोन्ही करांचा मेळ बसत नाही. म्हणून १९६१ च्या आयकर कायद्यात २०२१ साली ‘कलम ८९अ’ आले. अमेरिका, ब्रिटन व कॅनडा येथील निवृत्तिखात्यांसाठी ‘फॉर्म १०-ईई’ मुदतीत भरल्यास भारतातील करही रक्कम काढण्याच्या वर्षीच लागतो. हा पर्याय एकदा स्वीकारला की मागे घेता येत नाही.

दुसरा प्रश्न वजावटीचा. ‘नियम १२८’ नुसार परदेशी कर आणि त्याच उत्पन्नावरील भारतीय कर, यांतील कमी रकमेचीच वजावट मिळते. समजा, दहा लाख काढले, तेथे तीन लाख कापले आणि येथील कर दोन लाख झाला. तर वजावट दोन लाखांचीच. उरलेला एक लाख भारत परत देत नाही. यासाठी ‘फॉर्म ६७’ आणि कर कापल्याचा पुरावा, म्हणजे अमेरिकेचा ‘१०४२-एस’, आवश्यक असतो.

येथे एक सूक्ष्म भेद आहे. करारानुसार नियमित खासगी निवृत्तिवेतनावर केवळ रहिवासाच्या देशात कर लागतो. तेथे चुकून कर कापला गेला असेल, तर वजावट येथे न मागता परतावा अमेरिकेकडे मागावा. एकरकमी काढलेली रक्कम ‘निवृत्तिवेतन’ ठरते का, यावर मतभेद आहेत. म्हणून सल्ला आधी घ्यावा, रक्कम नंतर काढावी.

परतल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत ‘सामान्य रहिवासी नसलेला’ हा दर्जा लाभल्यास असे परदेशी उत्पन्न भारतात करपात्रच नसते. मात्र तेव्हा वजावटीचाही प्रश्न उरत नाही.

१ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू असल्याने कलमांचे क्रमांक बदलले आहेत, हेही ध्यानी ठेवावे. पेढीवर आपण प्रत्येक पावती जपतो. परदेशातील कष्टाच्या संचयालाही तीच शिस्त लावली, तर हक्काचा पैसा हातचा जाणार नाही.